कॅराव्हॅनला एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? सही करण्याआधीचा हिशोब

जे हा भाग ऐकण्याऐवजी वाचतायत त्यांच्यासाठी आधीच सांगतो: बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त आकडे नीट मांडलेत.

आजचा विषय धुळ्याच्या एका ताईंच्या मेसेजमधून आलाय. ताई आणि त्यांचा भाऊ मिळून गाडी घेतायत. रिकामी व्हॅन घ्यायची आणि बॉडीवाल्याकडून आत दोन बेड, छोटा ओटा, पाण्याची टाकी, फ्रिज, एसी असं सगळं बसवून घ्यायचं. सुट्टीत घरच्यांनी फिरायचं, उरलेल्या दिवसांत भाड्यानं द्यायची. वडिलांच्या रिटायरमेंटच्या पैशातला काही भाग आणि बाकीचं लोन. आता शोरूमवाले म्हणतायत, एक्स्टेंडेड वॉरंटी आजच घेऊन टाका, चाळीस हजार अधिक जीएसटी, हप्त्यात कळणारसुद्धा नाही. मेसेजचा शेवट असा: "भाऊ, लांबड नको, हो की नाही ते सांगा."

ताई, सांगतो. पण थोडी लांबड लागेल, कारण उत्तर गाडीपेक्षा कागदावर जास्त अवलंबून आहे.

तुमच्यातले काही म्हणतील, आपल्याकडे कॅराव्हॅन कोण घेतं? पूर्वी कोणी घेत नव्हतं, हे खरं. पण महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर हा शब्द आपल्या कानावर पडायला लागला. आणि फिरायला आपल्याकडे कमी आहे का? जळगावहून अजिंठा साधारण साठ किलोमीटर. चाळीसगावजवळ पाटणादेवी, रावेरकडे पाल, चोपड्याकडे उनपदेव, नंदुरबारमध्ये तोरणमाळ. ज्यांना कॅराव्हॅन घ्यायची नाही त्यांनीही थांबा. मोबाइल घेताना, बाइक घेताना, फ्रिज घेताना हाच कागद तुमच्यासमोर येतो. हिशोब तोच असतो, फक्त शून्यं कमी असतात.

वॉरंटी आणि विमा, दोन वेगळी कामं

आधी एक गोंधळ मिटवू. बरेच जण म्हणतात, "गाडीचा फुल इन्शुरन्स काढलाय ना, मग वॉरंटी कशाला?" गाडीचा विमा अपघात, चोरी, आग, पूर अशा गोष्टींसाठी असतो. गिअरबॉक्स आपोआप बिघडला, एसीचा कॉम्प्रेसर बसला, तर विमा कंपनी पैसे देत नाही. यांत्रिक आणि इलेक्ट्रिकल बिघाड साध्या पॉलिसीतून वगळलेलाच असतो.

तो बिघाड वॉरंटीत येतो. कंपनी सांगते, आमच्या मालात किंवा बनावटीत दोष निघाला तर ठरलेल्या मुदतीत आम्ही फुकट दुरुस्त करू. एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे तीच मुदत पैसे देऊन वाढवणं. मात्र ते मूळ वॉरंटीचं शेपूट नसतं, तो वेगळा करार असतो. त्याची यादी वेगळी असू शकते, अटी वेगळ्या असू शकतात. मूळ वॉरंटीत बसणारा एखादा भाग वाढीव वॉरंटीत नसतो, असंही होतं. म्हणून "तेच सगळं पुढे दोन वर्षं" हे तोंडी वाक्य कागदावर दिसेपर्यंत खरं धरायचं नाही.

आणि "वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी होईल ते" ही ओळ. मारुतीचंच उदाहरण घ्या. जुलै २०२४ पासून त्यांनी नव्या गाड्यांची मूळ वॉरंटी २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. पैसे देऊन ती ६ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत नेता येते. आता समजा तुमची ईको भाड्यावर वर्षाला ४०,००० किलोमीटर पळते. ३ वर्षांची म्हणून दिलेली मूळ वॉरंटी अडीच वर्षांतच संपली. ६ वर्षांची म्हणून घेतलेली चार वर्षांत संपली. पाटीवर वर्षं मोठ्या अक्षरात असतात, पण तुमची गाडी किलोमीटरवर चालते. म्हणून आधी स्वतःचं वर्षाचं रनिंग काढा, मग त्या ओळीकडे बघा.

एक गाडी, तीन मालक

साध्या कारमध्ये वॉरंटी देणारा एकच असतो. कॅराव्हॅनमध्ये तिघं असतात.

पहिला, गाडी बनवणारी कंपनी. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, मूळ वायरिंग हे तिचं. दुसरा, बॉडीवाला. छताला केलेलं भोक, खिडक्यांचं रबर, पाण्याची पाइपलाइन, बेडचे बिजागर, आतली वायरिंग हे त्याचं. तिसरी, उपकरणांची मंडळी. फ्रिज एका कंपनीचा, इन्व्हर्टर दुसऱ्या, बॅटरी तिसऱ्या, एसी चौथ्या. प्रत्येकाचं कार्ड वेगळं, मुदत वेगळी.

शोरूममध्ये विकली जाते ती वाढीव वॉरंटी फक्त पहिल्याच्या वाट्याची असते. ताई, तुमच्या गाडीत पावसाळ्यात छत गळायला लागलं तर शोरूम म्हणणार, बॉडीवाल्याकडे जा. बॉडीवाल्यानं वॉरंटी तोंडी दिली असेल तर तो म्हणणार, या रविवारी बघतो. तो रविवार कधी येतो ते आपल्याला माहीत आहे.

यापेक्षा मोठी अडचण पुढे आहे. बॉडीवाल्यानं एसी आणि इन्व्हर्टरसाठी मूळ वायरिंगला हात लावला, अल्टरनेटरवर जादा भार टाकला, आणि पुढे गाडीचा इलेक्ट्रिकल बिघाड झाला, तर कंपनी म्हणू शकते की हा बदल आमचा नाही, क्लेम नामंजूर. "बाहेरून केलेल्या बदलामुळे झालेला बिघाड" ही ओळ जवळपास प्रत्येक वॉरंटीत असते. म्हणजे पैसे भरून घेतलेला कागद बॉडीवाल्याच्या पक्कडनं फाटू शकतो.

इथेच कायद्याचंही बोलून घेऊ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी मनानं करता येत नाही. सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. नियमाबाहेर बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कॅराव्हॅनसाठी देशात वेगळं मानक आहे, एआयएस-१२४. तेव्हा बॉडीवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा: तुमच्या कामाला मंजुरीचा कागद आहे का, आणि आरटीओत गाडी कॅराव्हॅन म्हणून नोंदली जाईल का? याचं उत्तर "सगळे करतात हो, काही होत नाही" असं आलं, तर वॉरंटीचा विचार बाजूला ठेवा. आधी बॉडीवाला बदला.

उभी राहणारी गाडी

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा.

केळीची पिकअप रोज पळते. कॅराव्हॅन तशी पळत नाही. घरच्यासाठी घेतलेली कॅराव्हॅन वर्षातले बरेच दिवस अंगणात नाहीतर शेडमध्ये उभी असते. ही गाडी धावून कमी आणि उभी राहून जास्त बिघडते. उभ्या गाडीत काय खराब होतं ते मोजा. बॅटरी उतरते. टायरला एका जागी भार पडून तडे जातात. जळगावचा मे महिना तुम्हाला मी सांगायला नको, पारा पंचेचाळीसला जातो. त्या उन्हात छताचं सीलंट सुकतं, खिडकीचं रबर कडक होतं. टाकीत पाणी राहिलं तर पंप अडकतो. शेताजवळ गाडी लावली तर उंदीर वायरी कुरतडतात.

आता वॉरंटीच्या कागदात "यात समाविष्ट नाही" ही यादी उघडा. बॅटरी, टायर, रबर, झिजणारे भाग, उंदरानं केलेलं नुकसान, ऊन-पावसानं झालेला परिणाम. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, फिल्टर, बल्ब हेही बहुधा त्याच यादीत. भेसळीचं डिझेल आणि गाडी गरम झाल्याचा दिवा लागूनही चालवत राहिल्यानं झालेला बिघाड, तोही त्यातच.

दोन याद्या शेजारी ठेवल्या की दिसतं, तुमच्या गाडीत जे बिघडण्याची शक्यता जास्त आहे ते बरंचसं कागदाबाहेर आहे. कागदाच्या आत आहे ते म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, टर्बो, इंजेक्टर, सेन्सर. त्यांचा बिघाड क्वचित येतो, पण आला की बिल मोठं येतं. म्हणजे तुम्ही पैसे देताय ते या "क्वचित पण मोठ्या" बिलासाठी. तेवढंच डोक्यात ठेवून पुढचा हिशोब करू.

आकडे

वॉरंटी ४०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७,२००. समजा मूळ वॉरंटी ३ वर्षांची आहे आणि ही चौथ्या-पाचव्या वर्षासाठी. म्हणजे पैसे आज दिले आणि उपयोग तीन वर्षांनी सुरू होणार.

हेच ४७,२०० बँकेत ६.५ टक्क्यांनी ठेवले तर तीन वर्षांनी साधारण ५७,००० होतात. आणि लोनमध्ये घातले, १० टक्के व्याज, पाच वर्षं, तर महिन्याला सुमारे १,००० रुपये हप्ता आणि एकूण ६०,००० च्या आसपास. "हप्त्यात कळणारसुद्धा नाही" या वाक्याची किंमत १३,००० रुपये.

आता दुसरी बाजू. पुढचे आकडे माझे गृहीत आहेत, तुम्ही तुमच्या गाडीचे घाला. समजा चौथ्या-पाचव्या वर्षात दहातल्या एका गाडीला दीड लाखाचं मोठं काम निघतं, आणि दोनातल्या एका गाडीला कागदात बसणारं १५,००० चं छोटं काम निघतं. सरासरी काढली तर मोठ्याचे १५,००० आणि छोट्याचे ७,५००, मिळून २२,५००. म्हणजे ५७,००० देऊन २२,५०० ची अपेक्षा. सरासरीनं हा सौदा तोट्याचा. त्यात आश्चर्य काही नाही, विकणाऱ्याचं कमिशन, ऑफिसचा खर्च, नफा सगळं त्यातूनच निघतं. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेनं २०१४ मध्ये कारमालकांना विचारलं, तर वाढीव वॉरंटी घेतलेल्यांपैकी ५५ टक्के लोकांनी ती दुरुस्तीसाठी एकदाही वापरली नव्हती.

मग घेऊच नये? थांबा. सरासरी शंभर गाड्यांची निघते, तुमच्याकडे गाडी एकच आहे. दहातला तो एक तुम्हीच निघालात तर? म्हणून खरा प्रश्न असा: चौथ्या वर्षी एका सकाळी दीड लाखाचं बिल आलं, तर तुमच्या घराचं काय होईल? सोनं मोडावं लागेल का? वडिलांची एफडी तोडावी लागेल का? की त्रास होईल, पण निभेल?

निभणार असेल तर वॉरंटी घेऊ नका. तेच ४७,२०० "गाडी" नावाच्या वेगळ्या खात्यात टाका आणि महिन्याला हजार रुपये त्यात सोडत राहा. या खात्यातून टायरही येतो, बॅटरीही येते, छताचं सीलंटही होतं, उंदराची वायरही जोडली जाते. आणि काही झालंच नाही तर पैसे तुमचेच. अट एक: दिवाळीत त्या खात्याला हात लावायचा नाही. तो लागणारच असेल, तर स्वतःशी खोटं बोलू नका. अशा माणसाला वॉरंटीच बरी.

आपल्याकडचा मिस्त्री

धुळं मोठ्या हायवेंच्या चौकावरचं गाव. सुरतेहून नागपूरकडे आणि मुंबईहून आग्र्याकडे जाणारी वाहतूक इथेच एकमेकांना छेदते. जळगाव-भुसावळही त्याच सुरत-नागपूर रस्त्यावर. त्यामुळे डिझेलचा चांगला मिस्त्री आपल्याकडे सापडतो, आणि शोरूमपेक्षा स्वस्तात काम करतो. पण वाढीव वॉरंटी घेतली की त्या काळात सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच, वेळेवर आणि बिलासकट करावी लागते. एक सर्व्हिस चुकली तरी क्लेम अडू शकतो. म्हणजे वॉरंटीच्या किमतीत शोरूमच्या महाग सर्व्हिसचा फरकही धरा.

दुसरी बाजूही आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. आता डिझेल गाडीत धूर गाळणारा डीपीएफ असतो, बऱ्याच गाड्यांत डीईएफची वेगळी टाकी असते, सेन्सर तर ढीगभर. हे पान्यानं होणारं काम राहिलं नाही, स्कॅनर लागतो आणि सुटा भाग महाग येतो. शिवाय डीपीएफ साफ राहायला गाडी हायवेला सलग पळावी लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्या आणि उभ्या राहणाऱ्या गाडीला तो त्रास देतो. तुमची व्हॅन अशी असेल, तर डीपीएफ, टर्बो, इंजेक्टर आणि ईसीयू या चौघांची नावं कागदात आहेत का ते शोधा. नावानिशी असतील तर वॉरंटीचं पारडं जड होतं. नसतील तर तुम्ही कशाचे पैसे देताय हेच कळत नाही.

भाड्यानं द्यायची असेल तर

ताई, तुमच्या मेसेजमधली ही ओळ शोरूममध्ये कोणी विचारणार नाही, म्हणून मी विचारतो. घरच्यासाठी म्हणून पांढऱ्या नंबर प्लेटवर घेतलेली गाडी भाड्यानं देता येत नाही. त्यासाठी व्यावसायिक नोंदणी आणि परमिट लागतं. तसं न करता भाड्यानं दिली तर दंड आहेच. शिवाय भाड्याच्या फेरीत अपघात झाला तर विमा अडतो. बऱ्याच वाढीव वॉरंटी योजनांत व्यावसायिक वापर बसत नाही, किंवा त्याला वेगळा दर असतो.

अजून एक. गाडी बंद पडून आठ दिवस वर्कशॉपला उभी राहिली, तर वॉरंटी सुट्या भागाचे आणि मजुरीचे पैसे देईल. बुडालेल्या आठ दिवसांच्या भाड्याचे देणार नाही. धंद्यासाठी घेणाऱ्यांनी हा खड्डा वेगळा मोजावा.

सहीआधीचे प्रश्न

हे स्क्रीनशॉट काढून ठेवा. उत्तरं तोंडी नकोत, ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर घ्या.

१. ही वॉरंटी गाडीच्या कंपनीची आहे, की डीलरची, की तिसऱ्याच कोणाची?
२. माझ्या गाडीत अमुक बॉडीवाला अमुक बदल करणार आहे. त्यानंतर ही वॉरंटी चालू राहील का? हे लिहून द्या.
३. समाविष्ट भागांची आणि वगळलेल्या भागांची पूर्ण यादी आजच द्या. माहितीपत्रक नको, करार हवा.
४. एका क्लेमची आणि एकूण रकमेची मर्यादा किती?
५. गाडी तोरणमाळच्या घाटात बंद पडली तर टोइंग कोण करणार, किती किलोमीटरपर्यंत? आणि आत बेड-किचन बसवलेली उंच, जड गाडी उचलणारं सर्वात जवळचं वर्कशॉप कुठलं?
६. गाडी विकली तर वॉरंटी नव्या मालकाकडे जाते का?
७. आज नाही घेतली, तर कधीपर्यंत घेता येईल आणि तेव्हा दर काय?

सातवा प्रश्न विसरू नका. मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत वाढीव वॉरंटी नंतरही घेण्याची मुभा बऱ्याच कंपन्या देतात, दर थोडा वाढतो. गाडी वर्षभर वापरून, तिचा स्वभाव बघून ठरवायची संधी मिळत असेल, तर त्या वाढीव दराला हरकत नाही. गाडीची डिलिव्हरी, पेढे, हार, फोटो या गडबडीत कोणताच मोठा कागद नीट वाचला जात नाही.

क्लेम नाकारला तर

आधी जॉब कार्डाची प्रत आणि नकाराचं कारण लेखी घ्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. जळगावलाही आहे, धुळ्यालाही आहे. २०१९ च्या कायद्यानं एक मोठी सोय केली: तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस पुण्यात असो की दिल्लीत. तक्रार ऑनलाइनही करता येते, मुदत दोन वर्षांची. तुम्ही दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे. फी ५ लाखांपर्यंत शून्य, २० ते ५० लाखांच्या टप्प्यातही फक्त १,००० रुपये.

एक अट मात्र आहे. निव्वळ व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूबाबत तुम्ही "ग्राहक" ठरत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तर ठरता. भाड्यानं देणाऱ्यांनी हा फरक आजच लक्षात घ्यावा.

तर ताई, हो की नाही?

तुमच्या गाडीला शोरूममध्ये आत्ता, आजच्या आज: नाही. कारण बॉडीचं काम अजून झालेलं नाही, आणि त्या कामानंतर वॉरंटी टिकेल असं कोणी लिहून दिलेलं नाही. आधी बॉडीवाल्याची मंजुरी बघा. त्याच्याकडून छत, पाणी आणि वायरिंग यांची वॉरंटी मुदत टाकून, सही-शिक्क्यानं घ्या. तुमच्या गाडीसाठी तो एक कागद शोरूमच्या चाळीस हजारांपेक्षा जास्त कामाचा आहे. आणि भाड्यानं द्यायची की नाही ते नोंदणीच्या आधी ठरवा.

मग शोरूमला प्रश्न दोन आणि सात पाठवा. दोन्हीची उत्तरं लेखी आली, गाडी बीएस-६ डिझेल असली, महागड्या चौघांची नावं कागदात असली, आणि दीड लाखाच्या बिलानं वडिलांची एफडी मोडणार असेल, तर मूळ वॉरंटी संपण्याआधी जरूर घ्या. लोनमध्ये न घालता, रोख. यातलं काहीही नसेल तर "गाडी" नावाचं खातं उघडा.

बाकी कोणाकडे वाढीव वॉरंटीचा कागद पडून असेल, मोबाइलचा असो की ट्रॅक्टरचा, तर आज रात्री त्यातली फक्त "समाविष्ट नाही" ही यादी वाचा आणि सगळ्यात नवल वाटलेली ओळ मला पाठवा. नाव-नंबर झाकून पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ओळी घेऊन बसू.

चला, येतो. राम राम.